पावसात बॅटरी उतरते, हॉर्न बसतो: कॉइल बदलू काय?

जांबोटीकर
१५० सीसी गाडी, जांबोटी ते बेळगाव रोजची ये-जा. बॅटरी नवीन, तरी चार-पाच दिवसांत उतरते. सेल्फ मारला की नुसतं टक-टक, हॉर्न बसका, इंडिकेटरबरोबर हेडलाइट मंद होतो. फ्यूज शाबूत. मेकॅनिक कॉइल प्लेट (इंजिनातली वीज तयार करणारी) बदला म्हणतोय. बदलू काय?

टिळकवाडी_वायरमन
थांबा हो. कॉइलसाठी इंजिनचं कव्हर उघडायचं, पॅकिंग नवं घालायचं. त्याआधी मल्टिमीटर लावा. बॅटरी फुल्ल चार्ज करून रात्रभर नुसती ठेवा. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ च्या खाली असेल तर बॅटरीच चार्ज धरत नाही, पुढची रीडिंगं खरी मानू नका.

मग गाडी चालू करून ५००० आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर बघा: १३.८ ते १४.५. पंधराच्या वर म्हणजे रेग्युलेटर (कॉइलची वीज बॅटरीजोगी करणारा) गेला, बॅटरी उकळेल. तेरावरच रेंगाळलं तर रेग्युलेटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून कॉइलच्या तीन पिवळ्या वायरींत दोन-दोनच्या जोडीने एसी मोजा. आकडा गाडीगणिक वेगळा, पण तिन्ही जोड्या सारख्या हव्यात. एखादी कमी दाखवते, किंवा इंजिन बंद असताना, मीटर बीपच्या (कंटिन्यूइटी) सेटिंगवर ठेवल्यावर, पिवळी वायर बॉडीशी बीप देते, तरच कॉइल खराब.

जांबोटीकर
बॅटरी १२.७. चालू गाडीत १३.०. एसी तिन्हीकडे ५८-५९, बीप नाही. म्हणजे रेग्युलेटर?

मलप्रभा_रायडर
इतक्यात घेऊ नका. व्होल्ट वाटेत गळत असतील. कपलर जोडून, हेडलाइट लावून, ५००० आरपीएमला मीटर डीसीवर ठेवा. एक टोक कपलरच्या मागून रेग्युलेटरच्या प्लस वायरीला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. ०.२ च्या वर काही आलं तर दोष त्याच वाटेत. अर्थच्या (मायनस) बाजूलाही तसंच करा.

इथं बीपवर मुळीच विसंबू नका. वायरीतली एक तार शिल्लक असली तरी बीप येतो, पण चार्जिंगचा करंट तिला झेपत नाही.

जांबोटीकर
अर्थला ०.१. प्लसला ०.९! कपलरची एक पिन तपकिरी, कड वितळलीय.

मलप्रभा_रायडर
सापडलं. १३.० अधिक प्लसचे ०.९ अधिक अर्थचे ०.१, म्हणजे रेग्युलेटर १४.० देतोय, तो ठणठणीत आहे. आपल्या पट्ट्यातल्या पावसात पाणी वायरीवरून कपलरात उतरतं, पिन हिरवी पडते, मग तापते. पॉलिश पेपर मारून भागणार नाही; तापलेल्या पिनेची पकड गेलेली असते. कपलर नवा घ्या, पिना दोन्हीकडच्या बदला, वायर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापून क्रिम्प करा (पिन दाबून बसवा). डायइलेक्ट्रिक (पाणी रोखणारं) ग्रीस लावा आणि वायरीला कपलरच्या खाली झोल ठेवून बांधा, पाणी तिथूनच गळेल. जोडल्यावर तीच टेस्ट परत घ्या, ०.२ च्या आत यायला हवं.