मोठा पिस्टन घरी बसवावा का?

तेलकट हात (धागाकर्ता):
मोठा पिस्टन घरी बसवू नका असं पुष्कळजण सांगतात, म्हणून माझं मत सरळ मांडतो. मोटरसायकलच्या इंजिनाचे सीसी घरी वाढवता येतात, आणि ज्याला इंजिन खरोखर समजून घ्यायचंय त्याने हे एकदा तरी करावं. घरी म्हणजे लेथही घरीच असावी असं नाही. बोअरिंग (सिलिंडर आतून मोठं कापणं) आणि होनिंग (आतली भिंत घासून गुळगुळीत करणं) मशीनवरच होणार. पण इंजिन उतरवणं, मापं घेणं, पिस्टनवरच्या रिंगांच्या टोकांमधली फट बघणं, पुन्हा बांधणं, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलणं हे सगळं आपल्या हातचं काम आहे.

माझं इंजिन एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिमी, म्हणजे ९७.२ सीसी. स्ट्रोकला हात न लावता ५४ चा पिस्टन बसवला, ११३.४ सीसी झाले. बोअर फक्त ८ टक्क्यांनी वाढला, पण सीसी त्याच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतात, म्हणून जवळपास १७ टक्के. ज्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे आता तिसरा पुरतो. क्रँककेस (सिलिंडरखालचा इंजिनाचा डबा) उघडावी लागली नाही. मग याला एवढा विरोध का?

लेथवाला:
विरोध आहे आणि कारणही आहे. तू सगळे आकडे दिलेस, लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या लोखंडी नळकांड्याच्या) जाडीचा दिला नाहीस. ५० चा ५४ केलास म्हणजे भिंत चारी बाजूंनी २ मिमी गेली. मूळ लायनर ओव्हरसाइझचा (झिजल्यावर थोडा मोठा बोअर करण्याचा) विचार करून बनवतात: पाव, अर्धा, पाऊण, फार तर १ मिमी. त्यापुढे जायचं तर जुना लायनर काढून मोठा बसवावा लागतो, आणि पुष्कळदा तो क्रँककेसच्या तोंडात मावत नाही. मग केसही बोअर करा.

पातळ भिंत तापली की गोल राहत नाही. रिंग एका बाजूला घासते, दुसरीकडून दाब खाली निसटतो आणि तेल वर चढतं. सुरुवातीला गाडी मस्त खेचते, नंतर धूर मारायला लागते. अशी सिलिंडरं माझ्याकडे येतात आणि तोवर ती फेकण्याशिवाय इलाज नसतो. शिवाय काही सिलिंडरांना लोखंडी लायनर नसतोच, अल्युमिनियमवर निकेलचा कडक थर असतो. बोअर केला की तो थर गेला. पुन्हा थर द्या, नाहीतर लायनर घाला.

तेलकट हात:
काका, जुनं सिलिंडर बोअर केलेलं नाही. ५४ चा तयार ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टन असा जोड घेतला, तो केसच्या मूळ तोंडातच बसतो. हे आधीच लिहायला हवं होतं.

लेथवाला:
मूळ तोंडात बसतो ना? मग बाहेरचा व्यास तोच राहिला आणि आतला वाढला. जी जाडी गेली ती खालच्या टोकाला गेली, जिथे लायनर केसमध्ये उतरतो. तयार जोड घेतलास म्हणून भूमिती बदलत नाही.

रोजचा स्वार:
लायनरपेक्षा मला कॉम्प्रेशनची, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्याची, जास्त काळजी वाटते. तुमचं इंजिन मुळात ९:१ होतं असं धरू. ९७.२ ला ८ ने भागलं की हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) जागा १२.१५ सीसी. हेड तेच, पिस्टनचं डोकं तसंच सपाट, वर आता ११३.४ सीसी दाबले जाणार. गुणोत्तर १०.३ वर गेलं. पेट्रोल तेच, स्पार्कचं टायमिंग तेच आणि उष्णता बाहेर टाकणारे पंखही तेवढेच. भर उन्हात, पूर्ण थ्रॉटलवर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठोकठोक) सुरू होतं आणि हेल्मेटमध्ये ते ऐकूही येत नाही.

हे पुस्तकी बोलत नाही. मी हाच उद्योग केला होता, वर जेट मूळचाच ठेवला. एका लांबलचक चढावर पिस्टन चिकटला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून आज हे लिहितोय. इंजिन खोललं तर प्लग पांढराफटक, पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

तेलकट हात:
तुम्ही वाचलात हे वाचून बरं वाटलं, खरंच. पण यातून "घरी करू नका" असं निघत नाही, "जेट न बदलता करू नका" असं निघतं. कॉम्प्रेशन मोजता येतं. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून सिरिंजने तेल सोडा, किती मावतं ते बघा. माझ्या पिस्टनच्या डोक्याला मुद्दाम खोलगट वाटी आहे, त्यामुळे गुणोत्तर ९.४ च्या आसपास राहिलं. रिंगांची फट दर २५ मिमी बोअरला ०.१ मिमी या हिशोबाने तपासली. मुख्य जेट दोन पायऱ्या मोठा घातला आणि प्लगचा रंग बघत एक पायरी मागे आलो.

नवखा:
एक शंका. सिलिंडरखाली जाड गॅसकेट टाकून कॉम्प्रेशन कमी करतात असं ऐकलंय. ते चालतं का?

लेथवाला:
नको. सिलिंडर वर उचललं की टायमिंग चेनचा हिशोब हलतो, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा मागे पडतो. आणि पिस्टनची कड व हेड यांच्यातली फट वाढली की मिश्रण नीट घुसळलं जात नाही. ज्या नॉकिंगला घाबरून हे करायचं, ते तसंच राहू शकतं.

नवखा:
आणि टॉप स्पीड?

तेलकट हात:
फारसा फरक नाही. व्हॉल्व्ह, पोर्ट, कार्बोरेटर तेच, म्हणजे इंजिन श्वास घेतं तो तेवढ्याच नळीतून. जोर वाढला तो खालच्या आणि मधल्या आरपीएमला. मला तोच हवा होता. एक सांगतो, मोठा पिस्टन जड असेल तर कंपनं वाढतात, म्हणून आधी जुना-नवा दोन्ही तराजूवर ठेवा.

रोजचा स्वार:
नोंदणीत क्षमता लिहिलेली असते आणि विमाही त्यावरच बेतलेला असतो. बदल कळवला नाही आणि अपघात झाला, तर सोसावं लागेल ते समोरच्यालाही, ज्याने तुमचा पिस्टन पाहिलेलासुद्धा नाही. रोज रस्त्यावर नेण्याच्या गाडीला माझा विरोध कायम आहे.

लेथवाला:
मला फक्त एक आकडा हवाय. ब्लॉक उतरव, लायनरच्या खालच्या टोकाची जाडी मोज. बोअर गेज वर, मध्ये, खाली लाव आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा.

तेलकट हात (चार दिवसांनी):
मोजलं. वर आणि मध्ये गोल आहे. खाली दोन दिशांच्या मापांत ०.०४ मिमीचा फरक आहे आणि भिंत १.६ मिमीच उरलीय. काका, तुम्ही बोलला होतात तिथेच. हा ब्लॉक पुन्हा चढवत नाही. मूळचा ५० चा जपून ठेवलाय, त्याला अर्धा मिमी ओव्हरसाइझ करायला तुमच्याकडे आणतो. बांधणार मात्र मीच.