मदत हवी आहे: डब्यातल्या माल्ट अर्काची घरी केलेली बिअर पाणचट होते. माल्ट किती, हॉप्स कधी?

दांडियाबाजारकर:

बडोद्यात बसून बिअरचा धागा काढतोय म्हणून हसू नये. इथे १९६० पासून दारूबंदी, आमच्या घरात आंबतं ते फक्त ढोकळ्याचं पीठ. प्रयोग चालतो मेलबर्नला, चिरंजिवांच्या गॅरेजमध्ये. तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. गणपती विसर्जन झालं की मी आणि सौ. तीन महिने तिथेच असू, तेव्हा पुढचा घाणा नीट लावायचा आहे.

औषध कंपनीत फर्मेंटेशन विभागात ३१ वर्षं काढली. हवा, फेस, निर्जंतुकीकरण यात मला कोणी शिकवू नये. चवीतलं मात्र काही कळत नाही, कारण आमच्या टाकीतलं कुणी चाखत नसे.

फेब्रुवारीतला घाणा असा होता: हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुलं) घातलेल्या माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) अर्काचा १.७ किलोचा डबा, १ किलो साधी साखर, पाणी घालून २३ लिटर, आणि झाकणाखाली मिळालेली यीस्टची ७ ग्रॅमची पुडी. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, गरम पाण्यात विरघळवा, गार पाणी ओता, यीस्ट टाका. मला ते पटेना. न उकळलेलं माध्यम टाकीत? व्हिडिओ कॉलवर चिरंजिवांना सांगितलं, चांगलं अर्धा तास खळखळून उकळ. त्याने ऐकलं. असा घमघमाट सुटला की शेजारी कुंपणावरून डोकावून गेला. हायड्रोमीटरवर घनतेचा आकडा १.०३९ वरून आठवड्यात १.००६ वर आला, दोन दिवस तिथेच राहिला, मग बाटल्या भरल्या.

महिन्याभराने बाटली उघडली तर फेस उत्तम, पण पहिल्याच घोटाला पाणचट. मागून हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखा वास. हॉप्सचा गंध नावाला नाही, कडवटपणा तेवढा उरलेला. चिरंजीव म्हणाले, "निर्जंतुक मात्र आहे हं, बाबा."

साखरेऐवजी माल्ट पावडर घालायची तर किती? आणि हॉप्सच्या गोळ्या नेमक्या कधी टाकायच्या?

पर्थकर:

काका, जो वास शेजाऱ्याने घेतला तो बाटलीत कुठून येणार?

हॉप्समध्ये राळ असते आणि सुगंधी तेलं असतात. राळेतली अल्फा आम्लं बराच वेळ उकळली की त्यांचं रूप बदलतं आणि कडवटपणा उतरतो. तेलं तेवढ्या वेळात वाफेबरोबर उडून जातात. डब्यातल्या अर्कात कडवटपणाचं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. तो डबा पुन्हा उकळायचाच नाही.

तुम्ही असं करा. ३ लिटर पाण्यात ३०० ग्रॅम माल्ट पावडर विरघळवून तेवढंच उकळा. शेवटची दहा मिनिटं राहिली की १५ ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स. गॅस बंद केल्यावर आणखी १५ आणि वर झाकण. आमटीवर कोथिंबीर आपण कधी घालतो, तोच हिशेब. वीस मिनिटांनी गाळून त्यात डबा आणि उरलेली पावडर विरघळवा, मग गार पाणी. आंबणं ओसरलं की ३० ग्रॅम हॉप्स कोरडेच, न उकळता, पिशवीतून टाकीत सोडा आणि तीन-चार दिवसांनी काढा.

दांडियाबाजारकर:

न उकळता? टाकीत? आणि जंतू?

आंबटगोड:

काका, हॉप्सची आम्लंच लॅक्टोबॅसिलससारख्या ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंना वाढू देत नाहीत. शिवाय तोवर अल्कोहोल तयार झालेलं असतं आणि पीएच उतरलेला असतो. तुमच्या पेनिसिलिनच्या टाकीइतकी ही टाकी नाजूक नाही. पिशवी मात्र उकळून घ्या, तेवढं तुमच्या मनासारखं होईल.

पावडर साखरेइतकीच, १ किलो. वरचे ३०० ग्रॅम त्यातलेच. सुरुवातीचा आकडा जवळपास तोच राहील, शेवटचा १.०१० च्या आसपास थांबेल. साखर यीस्ट सगळी फस्त करतं. माल्टमधली डेक्स्ट्रिन्स त्याला पचत नाहीत, ती मागे राहतात आणि त्यांच्यामुळेच घोट भरल्यासारखा वाटतो. दीड किलो घातलीत तर बिअर आणखी भरीव आणि थोडी कडकही होईल, पण पहिल्यांदा साखरेइतकीच घाला म्हणजे फरक कळेल. जमल्यास २०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट (भाजून आतली साखर कॅरॅमलसारखी झालेलं) भरडून, पोटलीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि ते पाणी हॉप्सच्या उकळीला वापरा. पोटली उकळत्या पाण्यात नको, टरफलांचा तुरटपणा उतरतो.

सफरचंदाच्या वासाचं खापर सगळं साखरेवर फोडू नका. गॅरेज किती तापलं होतं?

दांडियाबाजारकर:

आत्ताच विचारलं. दुपारी २९ अंश. मला कुणी सांगितलं नाही! आमच्याकडे एका अंशाचा फरक पडला तर रजिस्टरवर लाल शेरा यायचा.

आंबटगोड:

मग झालंच. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. यीस्ट ते आधी सोडतं, तापलं की जास्तच, आणि शेवटी स्वतःच परत संपवतं. तुम्ही ते संपवण्याआधीच बाटल्या भरल्यात. आकडा थांबला तरी आठवडाभर हात लावू नका, कोरडे हॉप्स त्याच आठवड्यात टाका. गणपतीनंतर तिकडे वसंत सुरू होत असेल, गॅरेज उलट गारच असेल. टाकी घरात आणा किंवा गोधडी गुंडाळा. यीस्टची ११.५ ग्रॅमची वेगळी पुडी घेतलीत तर उत्तम, डब्यासोबतची किती दिवस दुकानात तापली होती कुणास ठाऊक.

दांडियाबाजारकर:

सगळं वहीत उतरवलं. शेवटची शंका: क्रिस्टल माल्ट भरडायचं कशाने? सुनेच्या मिक्सरला हात लावायचा नाही अशी सौ.ची ताकीद आहे.

पर्थकर:

मिक्सर नकोच, पीठ होईल आणि गाळताना रडाल. जाड पिशवीत घालून लाटण्याने दाणा फुटेपर्यंत लाटा.

दांडियाबाजारकर:

लाटणं इथूनच नेतो. तिकडचं पोळ्यांना पुरतं, एवढंच.