९९ लेव्हलचं खाणकाम: हा खेळ म्हणायचा का?

पाट्याटाकू (धागाकर्ता)

ओल्ड स्कूल रुनस्केप खेळायला लागून मला चार वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॅगेक्स या केंब्रिजच्या कंपनीचा २००१ चा ऑनलाइन खेळ. त्याचीच २००७ सालची जुनी प्रत २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली, ती ही. राक्षस, जादू, कोडी सगळं आहे, पण अर्धा खेळ निव्वळ मजुरी. दगड फोडा, लाकडं तोडा, मासे धरा, मग त्यातून काहीतरी बनवा. प्रत्येक कामाची लेव्हल ९९ पर्यंत, आणि ९९ ला लागतात १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण.

लोखंडाच्या एका खनिजाचे ३५ एक्सपी. नुसत्या लोखंडावर जायचं म्हटलं तर पावणेचार लाखांच्या आसपास खनिजं. ९२ लेव्हल आली की वाटतं, आता काय, पोचलोच. तिथे जेमतेम निम्मं झालेलं असतं!

परवा रात्री खेळातल्या अल खारिदच्या खाणीत उभा होतो. भोवती विंचू फिरतायत, पिशवीत २८ जागा. पिशवी भरली की शिफ्ट दाबून एकेक क्लिक, सगळं खनिज जमिनीवर. का, तर बँकेपर्यंत जाण्यायेण्यात एक्सपी बुडतो. म्हणजे खणलेलं विकायचं नाही, वितळवायचं नाही, फक्त टाकायचं. घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी निघताना दिसतं.

लोहारकामाचं तर बोलूच नका. रून प्लेटबॉडी, म्हणजे रून धातूचं चिलखत, घडवायला स्मिथिंग ९९ पाहिजे. घालायला? डिफेन्स ४० आणि एक क्वेस्ट. आयुष्य भट्टीसमोर काढून जे चिलखत बनवाल, ते कालचं पोर जीईवर (ग्रँड एक्स्चेंज, खेळातला बाजार) विकत घेऊन घालतं.

मला प्रामाणिक उत्तरं हवीत. यात मजा नक्की कुठे आहे?

रात्रपाळी

मजा जीईवर गेल्यामुळे गेली तुमची. ग्रँड एक्स्चेंजवर सगळं मिळतं म्हटल्यावर स्वतः खणणारा माणूस वेडाच दिसणार.

मी आयर्नमॅन खेळतो. हा प्रकार २०१४ मध्ये आला: कुणाशी देवाणघेवाण नाही, जीई नाही, जे लागेल ते स्वतः मिळवायचं. साध्या भट्टीत लोखंड वितळवताना निम्मं खनिज वाया जातं, हे तुम्ही वाचलं असेल, मी भोगलंय. त्यावर उपाय रिंग ऑफ फोर्जिंग. ती घातली की १४० खनिजं एकही न बिघडता वितळतात. पण अंगठीला माणिक हवं, सोनं हवं, क्राफ्टिंग ३४ हवं, वर मंत्रासाठी मॅजिक ४९. माणिक मला लोखंड फोडताफोडताच मिळालं, पहाटे तीनला. कुठल्याही खडकातून क्वचित रत्न निघतं ना, तसं. खुर्चीतून उठलो, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, परत येऊन पुन्हा बघितलं. ते तिथेच होतं.

जीईवरून घेतलेल्या माणकासाठी कोणी पाणी प्यायला उठत नाही.

चहाबिस्किट

धागाकर्त्यांशी सहमत, आणि रात्रपाळी, एक बारीकशी शंका. सोन्याची लगड वितळवायला स्मिथिंग ४० लागतं. स्टील ३० ला सुरू होतं, आणि ते कधीच बिघडत नाही. मग अंगठी तयार होईस्तोवर लोखंडाची गरजच संपलेली असणार. केलंत काय त्या अंगठीचं?

माझं सरळ गणित आहे. मी नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी दोन तास मिळतात, तेही घरच्यांच्या मूडवर. खऱ्या पैशांनी बाँड (खेळात विकता येणारी वस्तू) घ्यावा, जीईवर विकावा, आलेल्या नाण्यांचा माल घ्यावा आणि थेट बॉसला, म्हणजे बड्या राक्षसाला, भिडावं. दगड फोडण्यातले सत्तर टक्के काम बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) करतात असं वाटावं, इतके एकसारखे चालणारे लोक दिसतात खाणीत. जे काम यंत्राला माणसाइतकंच जमतं, ते मी का करू?

रात्रपाळी

अंगठी बँकेत आहे. १४० च्या १४० चार्जसकट.

हसा. पण बॉटबद्दलचा तुमचा मुद्दा उलटा लागू होतो. बॉट आले ते लाकडाला आणि खनिजाला भाव होता म्हणून, आणि त्यांनीच तो पाडला. जॅगेक्स बॅन करतं, ते नव्या खात्यातून पुन्हा उगवतात. दोष दगडाचा नाही.

जुनाखोंड

दोघंही भांडा, पण रून प्लेटबॉडीचा मुद्दा बाजूला काढा, तो वेगळाच रोग आहे. लोहारकाम आणि चिलखत यांचं गणित २००१ पासून तसंच राहिलंय. रुनस्केप ३ मध्ये, म्हणजे मूळ खेळाच्या आजच्या आवृत्तीत, जानेवारी २०१९ ला मायनिंग आणि स्मिथिंग पार उलटंपालटं केलं, रून तिथे आता ५० लेव्हलचं काम आहे. म्हणजे दुरुस्ती होऊ शकते. ओल्ड स्कूलमध्ये मोठे बदल मतदानाला टाकतात, आणि आमच्यासारखी म्हातारी खोडं 'होतं तसंच राहू दे' म्हणून 'नाही'चं बटण दाबतात. मीही दाबतो, खोटं कशाला बोलू.

बाकी मला विचाराल तर मी लाकूडतोड्या. क्रिकेटची मॅच लावायची, मोबाइलवर आपल्या खेळाडूला यू नावाच्या झाडाला लावून द्यायचं. एका ओंडक्याचे १७५ एक्सपी. विकेट पडली तर झाडाकडे लक्ष नाही, झाड पडलं तर मॅचकडे नाही. याला तुम्ही खेळ म्हणा नाहीतर जपमाळ.

चहाबिस्किट

काका, म्हणजे खेळताना खेळाकडे बघायचंच नाही, हीच त्याची खुबी? हे तर धागाकर्त्याचंच म्हणणं झालं.

जुनाखोंड

बघायचं की. मधूनमधून. भात शिजताना बघतो तसं.

पाट्याटाकू

जुनाखोंड, तुमची जपमाळ मला पटत नाही. भाताला वीस मिनिटं लागतात, याला शेकडो तास. पण रात्रपाळींचं वाचून मात्र एक प्रश्न पडला. लोखंडातून निघणारी ती रत्नं पिशवीत नेमकी कशी दिसतात? मी टाकताना बघत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करतो आणि २८ च्या २८ रिकाम्या करतो.

रात्रपाळी

लालसर दगड. चार वर्षं??

पाट्याटाकू

मध्ये कधीतरी लाल काहीतरी दिसलं होतं खरं. तांबं वाटलं.