मदत हवी आहे: सायकलच्या चेनला मेण की तेल?

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरचा. रोज ऑफिसला सायकलनेच जातो, शिवाय रविवारी दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, वेरूळ. जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर.

आजवर चेनला शिलाई मशीनचं तेल घालत आलो. पण उन्हाळ्यात फुफाटा त्यात बसतो आणि दोन दिवसांत काळं कीट होतं. बोटात चोळलं की कचकचतं. परवा पँटच्या पायावर चेनचा अख्खा ठसा उमटला. घरी काय ऐकून घेतलं ते विचारू नका!

आता पॅराफिन मेण वितळवून त्यात चेन बुडवायचा विचार आहे. आधी मूळचं ग्रीस रॉकेलने पूर्ण काढावं लागतं, नाहीतर मेण धरत नाही, इथवर कळलंय. मेण कोरडं, म्हणून धूळ कमी चिकटते, हेही पटतं.

पण मेमध्ये 42 अंशांच्या उन्हात सायकल दिवसभर उभी असते, तिथे मेण टिकेल का? पावसात भिजल्यावर दर वेळी पुन्हा बुडवायची का? माझ्या चेनला क्विक लिंक (चेन झटकन उघडता येणारी कडी) नाही, सारखी पिन काढणं जिवावर येतं. की बाटलीतलं पातळ मेणच बरं? आपल्याकडच्या धुळीत वापरलेल्यांनी सांगा.