मुंबईत लोकल-मेट्रोची तिकिटं कशी काढू? सोबत ७६ वर्षांची आई आहे

कुडाळचो_बाबल्या

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन पाच दिवस मुंबईला येतोय. कुडाळहून तुतारी एक्स्प्रेसचं दादरपर्यंत आरक्षण झालंय. आधी डोंबिवलीला ताईकडे, मग गोरेगावला पुतणीकडे, आणि आईने सिद्धिविनायकाला काहीतरी बोलून ठेवलंय ते फेडायचं.

गेल्या वेळी हात पोळलेत म्हणून आधीच विचारतो. भाच्याने त्याच्या मोबाइलवर तिकीट काढलं आणि स्क्रीनशॉट मला व्हॉट्सॲपवर पाठवला. पुलावर टीसीने अडवलं. मी ऐटीत फोन पुढे केला. तो म्हणाला, "काका, हा तिकिटाचा फोटो झाला. तिकीट कुठंय?" अडीचशे रुपये दंड, वर भाडं. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

दुसरी अडचण म्हणजे आई. २०२२ पासून एसटीत पंच्याहत्तरीच्या वरच्यांना फुकट, तेव्हापासून तिला तिकीट ही गोष्टच मान्य नाही. रेल्वेचं आरक्षण केलं तेव्हा ऐकवलं, "माझा तिकीट कित्याक काढलंस? आधार कार्ड आसा मां माझ्याकडे!"

तर खिडकीवर काढू की मोबाइलवर? तो टुरिस्ट पास घ्यावा का? मेट्रोत मी अजून पाय ठेवलेला नाही.

डाऊन_स्लो

मी मूळचा कणकवलीचा, वीस वर्षं डोंबिवलीत.

तिकिटाचं नंतर बघू, आधी हे ऐका. डोंबिवलीला जायचंय तर दादरला कशाला उतरता? तुतारी ठाण्याला थांबते, तिथेच उतरा. दादरला उतरलात तर तेवढंच अंतर उलटं मागे यावं लागेल, तेही सामानासकट. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे जाते, त्यामुळे ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या बऱ्याच मोकळ्या असतात. आईंना बसायला मिळेल. तुतारीचं तिकीट लोकलला चालत नाही, ठाणे-डोंबिवली वेगळं काढायचं.

खिडकीला रांग असतेच. बाजूला मशीन असतात, तिथे बऱ्याचदा रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा माणूस बसलेला असतो. त्याला स्टेशनचं नाव सांगा, पैसे द्या, तो तिकीट काढून देतो. स्टेशनबाहेर काही दुकानांतही रेल्वेची तिकिटं मिळतात, रुपया-दोन रुपये जास्त पडतात.

मोबाइलवर काढायचं तर रेल्वेचं रेलवन ॲप तुमच्याच फोनमध्ये घ्या. स्टेशनात शिरल्यावर साधं बुकिंग होत नाही, तेव्हा आत शिरायच्या आधीच काढा. प्रवास तासाभरात सुरू करायचा. भाच्याच्या प्रेमाचा इथे काही उपयोग नाही.

डोंबिवली ते गोरेगाव एकच तिकीट काढा. दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या गाडीत बसायचं, नवीन तिकीट लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दादरला उतरून पुन्हा रांग लावतो.

टुरिस्ट पास १, ३ आणि ५ दिवसांचा असतो. दिवसभर चढ-उतार करणार असाल तर ठीक. तुमच्या दोन-तीन फेऱ्यांना कशाला हवा? सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं. एसी लोकलचं तिकीट मात्र वेगळं, साध्या तिकिटावर थंड हवा खायला शिरू नका. आणि ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. आईंना हे तुम्हीच सांगा.

गोरेगावची_मावशी

वरचं सगळं बरोबर, पण डोंबिवलीहून अकराच्या आधी निघू नका. आणि आजी बायकांच्या डब्यात, तुम्ही दुसऱ्या डब्यात, असं मुळीच करू नका. आमच्या काकूंना असंच चढवलं होतं. काका गोरेगावला उतरले, काकू बोरिवलीला. फोन काकांच्या खिशात.

सिद्धिविनायकाला लोकलने नकोच. पुतणी पूर्वेला राहत असेल तर रिक्षाने आरे जेव्हीएलआर मेट्रो स्टेशनला या. तिथून अ‍ॅक्वा लाइन थेट सिद्धिविनायक स्टेशनला जाते. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. खिडकीवर क्यूआर छापलेलं कागदी तिकीट मिळतं. आत जाताना गेटवर दाखवायचं आणि बाहेर पडतानाही तेच लागतं, तेव्हा टाकून देऊ नका. बेस्टने जाणार असाल तर सुटे पैसे ठेवा. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं दहा आहे, एसीचं बारा.

कुडाळचो_बाबल्या

परवा घरी पोचलो. ठाण्याला उतरलो, लोकलमध्ये आईला खिडकीची जागा मिळाली, कोकमाची बरणी फुटली नाही. डाऊन_स्लो, तुमच्यासाठी एक बाटली कोकमाचं आगळ ताईकडे ठेवलंय, खरंच सांगतो.

मेट्रोची गंमत झाली. मावशींनी तिकीट टाकू नका म्हटलं होतं, ते मी आईला बजावून सांगितलं. तिने ते घडी घालून, पुन्हा घडी घालून पदराच्या गाठीत बांधलं. सिद्धिविनायकला गेटपाशी गाठ सुटेना. मागे माणसं खोळंबली. मी दातांनी सोडवली, तर कागद चुरगळून विड्याएवढा झालेला आणि मशीन तो वाचेना. शेवटी तिथल्या मुलीने कागद काचेवर तळहाताने सपाट केला, दोनदा फिरवला, तेव्हा गेट उघडलं. आई तिला म्हणाली, "बाय माझे, आमच्या एश्टीत असा काय नसता."

येताना तिकीट माझ्याकडे दे म्हटलं. दिलं नाही. या वेळी पोथीत ठेवलं, सरळ.