कच्च्या अंड्यांमुळे बायोटिन (बी गटातलं एक व्हिटॅमिन) कमी पडतं का? भावासाठी विचारतेय

नमस्कार मंडळी, धाकट्या भावासाठी मदत हवीये. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे १६०० मीटर, मग गोळाफेक, आणि घरी आला की पाच-सहा अंडी फोडून नुसता पांढरा भाग कच्चाच पिऊन टाकतो, बलक बाजूला काढतो. ग्राउंडवरच्या सिनियर पोरांनी डोक्यात भरवलंय की उकडलं की ताकद जाते. हे बरेच महिने चाललंय, आणि आता केस मुठीने गळतायत, नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कडेला लाल, खवल्यासारखी कातडी निघतेय.

कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रोटीन असतं, ते बायोटिनला असं घट्ट पकडतं की आतड्यात ते शोषलंच जात नाही. नीट शिजवलं की ॲव्हिडिनचा जोर जातो. आणि अंड्यातलं बायोटिन मुख्यतः बलकात असतं, तोच हा खात नाही! मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि एका शिजवलेल्या अख्ख्या अंड्यात साधारण १० मिळतं, म्हणजे दोन-तीन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे, एखादं रताळं एवढ्यात काम होतंय की. मटणवाल्याकडून कलेजी आणली तर अजूनच चांगलं. शिवाय कच्च्या अंड्यातलं प्रोटीनसुद्धा शिजवलेल्यापेक्षा कमी पचतं, ज्यासाठी एवढा आटापिटा करतोय तेच वाया जातंय याचं मला जास्त वाईट वाटतं.

त्यात मेडिकलवाल्याने त्याला १०,००० मायक्रोग्रॅमची बायोटिनची गोळी दिली. डॉक्टरांनी थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या टेस्ट करायला सांगितलंय, पण एवढ्या मोठ्या डोसमुळे टीएसएच (थायरॉइडच्या टेस्टमधलं हार्मोन) खोटंच कमी दिसू शकतं, म्हणून मी गोळी बंद करायला लावलीये आणि टेस्ट पुढे ढकललीये. डॉक्टरांना गोळीचं सांगणारच आहे.

आता विचारायचंय ते हे. कुणी कच्ची अंडी बंद केल्यावर केस आणि कातडी सुधारायला किती वेळ लागला? टेस्टच्या आधी तुमच्या डॉक्टरांनी बायोटिन किती दिवस थांबवायला सांगितलं होतं? आणि भरतीची तयारी केलेलं कुणी असेल तर प्लीज लिहा, रात्री उकडून ठेवलेली अंडी सकाळी चालतात का, ग्राउंडवरून आल्यावर तुम्ही काय खायचा? माझं तो ऐकत नाही, भरती झालेल्या माणसाचं नक्की ऐकेल, त्याला हा धागाच वाचायला देणार आहे.