लंडनमध्ये एकच दिवस: राजघराण्याची लग्नं आणि गादीचा वारसा, यासाठी काय बघू?

वकीलबाई_नाशिक: नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन लंडनला लेकीकडे जातेय. मी ३० वर्षं वारसाहक्काचे दावे चालवतेय म्हणून इंग्लंडच्या गादीचा वारसा हा माझा जिव्हाळ्याचा विषय. एक मंगळवार मोकळा आहे, दोघींना मिळून ४० पाउंड, त्यावर नाही. आई ७२ ची, जिने जमत नाहीत. कुठे जाऊ?

ठाणेकर_७१: टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला, डोळे झाकून. आठव्या हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन, तिचं डोकं व्यभिचाराच्या आरोपावरून १९ मे १५३६ ला तिथेच उडवलं. आम्ही चौघं गेलो होतो, खर्चाकडे बघू नका, परत जाणं होत नाही.

लीड्सची_सून: दादा, ताईंनी बजेट सांगितलंय आणि टॉवरला दगडी पायऱ्याच पायऱ्या, माझ्या सासूबाई अर्ध्यातून खाली बसल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीला जा, राजेराण्यांची थडगी असलेलं चर्च. हेन्रीच्या मुली मेरी आणि पहिली एलिझाबेथ (ॲनची लेक) दोघी सावत्र बहिणी एकाच थडग्यात आहेत आणि वर पुतळा मात्र एकट्या एलिझाबेथचा, मी तिथे बराच वेळ उभी होते. बापाने दोघींना अनौरस ठरवलं, मग १५४४ च्या कायद्याने वारसांच्या रांगेत परत घेतलं पण औरस काही केलं नाही, तरी दोघी राण्या झाल्या.

वकीलबाई_नाशिक: हो ना! आणि ॲनचं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं ते १७ मे ला, शिरच्छेदाच्या दोन दिवस आधी. लग्नच नव्हतं तर व्यभिचार कसला? याचा मला अजून राग येतो.

ठाणेकर_७१: म्हणूनच म्हणतो, टॉवर.

कागदपत्रवाला: लंडनच्या क्यू भागातलं नॅशनल अर्काइव्ह्ज, म्हणजे सरकारी दप्तरखाना, फुकट आहे, रविवार-सोमवार बंद. आठव्या हेन्रीचं मृत्युपत्र तिथे आहे. त्याच १५४४ च्या कायद्यात राजाची स्वहस्ते सही हवी असं होतं आणि मृत्युपत्रावर सही उमटवली शिक्क्याने, मग खाचेत शाई भरली. मृत्युपत्र खरं धरायचं का, हा वाद पेटायला तेवढं पुरलं. आठव्या एडवर्डने लग्नासाठी गादी सोडली तो १९३६ चा राजीनामाही तिथलाच. पण मूळ कागद रोज मांडलेले नसतात, आधी विचारून घ्या. मी न विचारता गेलो, दिवस फुकट गेला.

गिरगावकर: आपली मुंबई कोणी कशी विसरली? १६६१ च्या तहात पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या हुंड्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि १६६८ ला त्याने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पाउंडांवर देऊन टाकली!! १० पाउंड!!

लीड्सची_सून: विषय मुंबईचा नाहीये. ॲबीला जा.

गिरगावकर: विषयच आहे. कॅथरिनला मूल झालं नाही म्हणून गादी चार्ल्सच्या कॅथलिक भावाकडे, दुसऱ्या जेम्सकडे गेली, त्याला १६८८ ला हाकललं आणि मग १७०१ चा कायदा आला की कॅथलिक नको आणि कॅथलिकाशी लग्न केलेलाही नको.

कागदपत्रवाला: लग्नाची अट २०१३ च्या कायद्याने गेली, २०१५ पासून लागू. राजा स्वतः मात्र अजूनही कॅथलिक चालत नाही. आणि आता पहिल्या सहा वारसांनाच लग्नाला परवानगी लागते, १७७२ च्या कायद्यात दुसऱ्या जॉर्जच्या जवळजवळ सगळ्या वंशजांना लागायची. मुलगी-मुलगा भेदही गेला, म्हणून युवराज विल्यमची मुलगी शार्लट धाकट्या भावाच्या, लुईच्या पुढे आहे.

वकीलबाई_नाशिक: आपल्या महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ लाच मिळाला, हे माझ्या प्रत्येक अशिलाला सांगते.

ठाणेकर_७१: मग काय ठरलं? टॉवर ना?

लीड्सची_सून: ताई, ॲबीचं तिकीट दोघींचं ४० मध्ये बसणार नाही, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला आत फुकट सोडतात. थडगी बघू देत नाहीत तेवढं लक्षात ठेवा आणि वेळ आधी वेबसाइटवर बघा.

वकीलबाई_नाशिक: सगळ्यांचे आभार. रात्री आईला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली मला त्या बायकांचे चेहरे दाखव. म्हणून नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी ठरली, फुकट आहे आणि लिफ्ट आहे. ॲनचं ते गळ्यात मोत्यांची माळ आणि 'बी' अक्षराचं पदक असलेलं चित्र त्यांच्याच संग्रहात आहे. उरलेल्या ४० पाउंडात दोघी चांगलं जेवू.

ठाणेकर_७१: टॉवर नदीवरून तरी दाखवा आईंना, बोटीने.